लाकडी कॅम्पर ट्रेलरला बाहेरून कुठला रंग टिकेल? (सोलापूरचं ऊन धरून सांगा)

भुईकोट | २० जानेवारी
नमस्कार मंडळी. गड्ड्याच्या जत्रेची गर्दी ओसरली, आता जरा निवांत लिहितो.

दिवाळीपासून घराशेजारच्या शेडमध्ये एक छोटा ट्रेलर बांधतोय. थेंबाच्या आकाराचा, आत दोघं आडवे होतील एवढाच, मागचं झाकण उचललं की ओटा. असले ट्रेलर १९३०च्या दशकात अमेरिकेत लोक घरच्या घरी बनवायचे, तीच कल्पना. तळ ८ बाय ४ फूट, म्हणजे प्लायचा एक अख्खा ताव. बाजू १२ मिमी, छताला ४ मिमीचे वाकणारे दोन थर एकमेकांवर चिकटवलेत. सगळा प्लाय ७१० मार्काचा, मरीन, म्हणजे पाण्याला टिकणारा. सांगाडा अँगलचा, वेल्डिंगवाल्याकडून करून घेतला.

आता सगळं उघडं लाकूड आहे आणि मी अडकलोय. पहिला दुकानदार म्हणाला ऑइल पेंट मारा, दुसरा म्हणाला पीयूशिवाय (पॉलियुरेथेन) पर्याय नाही, तिसऱ्याने भिंतीचा बाहेरचा इमल्शन पुढे केला. वडील म्हणतात पत्रा ठोक आणि मोकळा हो.

अटी अशा: कॉम्प्रेसर नाही, ब्रश आणि रोलरनेच करणार. काम मी आणि लेक, दोघंच. ट्रेलर जुळे सोलापुरात उघड्यावर उभा राहणार, झाड नाही, शेड पुढच्या वर्षी मोडणार आहे. वर्षातून तीन-चार फेऱ्या: नळदुर्ग, उजनीला रोहित पक्षी बघायला, एखादी कोकणात. अनुभव असलेल्यांनी लिहा.

शेंगाचटणी | २० जानेवारी
आधी आरटीओचं सांगा की राव. रंग कसला विचारताय, पासिंग झालं का?

भुईकोट | २० जानेवारी
त्यावर वेगळा धागा काढतो, इथे नको. तो महाभारताएवढा होईल.

जुना_रंगारी | २० जानेवारी
माझी हयात ट्रकच्या लाकडी बॉड्या रंगवण्यात गेली, म्हणून बोलतो. सिंथेटिक इनॅमल. बास. लाकडाला गुलाबी अस्तर एक हात, लांबी (पुट्टी) भरायची, घासायचं, परत अस्तर, मग इनॅमलचे दोन हात. पहिल्या हातात थोडं टर्पेंटाइन जास्त, म्हणजे लाकूड पितं. दोन हातांच्या मध्ये एक अख्खी रात्र जाऊ द्या, घाई केली की खालचा ओला राहतो आणि वरचा सुरकुततो.

टिकेल किती? सोलापुरात उघड्यावर असेल तर दोन-तीन वर्षांत चमक जाते, बोट फिरवलं की पावडर हाताला लागते. तेव्हा घासा आणि एक हात मारा. ट्रकवाले दरवर्षी मारतात, त्यात काय मोठं.

मालवणी_तांडेल | २१ जानेवारी
काकांचा मान राखून वेगळं सांगतो. आमच्याकडे प्लायच्या होड्यांची डागडुजी करतो. रंग कुठला हा प्रश्न तुम्ही शेवटी विचारायला हवा होता. प्लाय सडतो तो पृष्ठभागातून नाही, कडेतून. तावाची कड म्हणजे नळ्यांचा जुडगा, पाणी आत खेचते. दुसरी वाट स्क्रूच्या भोकांची.

म्हणून आधी हे करा. सगळ्या कडा घासून गोल करा, निदान ३ मिमी. धारदार कडेवर कुठलाही रंग थांबत नाही, ओला असतानाच मागे सरकतो आणि नेमका तिथेच पातळ होतो. मग कडांना पातळ इपॉक्सी (दोन भाग मिसळून कडक होणारं रेझिन) पाजा, पिणं थांबेपर्यंत. स्क्रूचं भोक जरुरीपेक्षा मोठं पाडा, इपॉक्सीने भरा, वाळलं की त्यातच नवीन भोक पाडा. मग स्क्रू ढिला झाला तरी पाणी लाकडापर्यंत जात नाही. कटकटीचं काम आहे. पण हे केलंत तर काकांचा इनॅमलसुद्धा दुप्पट टिकेल, आणि नाही केलंत तर विमानाचा रंग मारला तरी फुगणार.

अजून एक. बंपर आणि टाक्या करणारे फायबरवाले तुम्हाला स्वस्तात फायबर चढवून देतो म्हणतील. ते पॉलिस्टर रेझिन वापरतात. लाकडावर ते नीट धरत नाही, काही वर्षांत पापडासारखं सुटतं आणि मधे पाणी साठतं. लाकडावर काच-कापड (काचेच्या धाग्यांचं विणलेलं) चढवायचंच असेल तर इपॉक्सीनेच.

भुईकोट | २१ जानेवारी
तांडेल, कडांचं डोक्यातच नव्हतं. दरवाजाच्या चौकटीत मी कड उघडीच ठेवली होती, वरून रबर येईल म्हणून. आज संध्याकाळी सगळं सोडवतो.

मग सगळ्याच ट्रेलरला इपॉक्सी मारून टाकलं आणि वर काहीच नाही, तर? लाकडाचे रेषे दिसतील, छान वाटेल.

थर_आणि_स्तर | २२ जानेवारी
नको! मी कोटिंगच्या प्रयोगशाळेत काम करते. इपॉक्सीला पाण्याचं भय नाही, उन्हाचं आहे. अतिनील किरणांनी ते आधी पिवळं पडतं, मग पांढुरकं होऊन भुकटी सुटते. वर उन्हाला तोंड देणारा थर हवाच, रंगाचा असो नाहीतर व्हार्निशचा. आणि रेषे दिसायचे असतील तर दरवर्षी व्हार्निश मारायची तयारी ठेवा. पारदर्शक थरातून ऊन आरपार लाकडापर्यंत जातं. अपारदर्शक रंगातलं रंगद्रव्य हीच खरी छत्री.

दुसरा मुद्दा खास सोलापूरसाठी. घरी साध्या तापमानाला कडक होणारं इपॉक्सी साधारण ५० ते ६० अंशांपुढे मऊ पडायला लागतं. आता एप्रिल-मेमध्ये हवाच ४२-४३ असते. गडद रंगाचा पृष्ठभाग दुपारी ७० च्या घरात सहज जातो. मग खालच्या काच-कापडाची वीण रंगावर उमटते, सांधे सरकतात. होड्या पांढऱ्या असतात त्या उगाच नाही. तेव्हा मनात गडद हिरवा किंवा निळा असेल तर विसरा.

पीयूबद्दल. दोन डब्यांचा, हार्डनरवाला, बाहेरच्या वापरासाठीचा ॲलिफॅटिक पीयू घेतलात तर टिकाऊपणात त्याला तोड नाही. दुकानात नुसतं पीयू म्हणालात तर फर्निचरचा आतला देतील, तो उन्हात पिवळा पडतो. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. फवारणी तर घरी अजिबात करू नका, दम्याचा त्रास कायमचा मागे लागू शकतो. ब्रशने करताना धोका कमी, तरी सेंद्रिय वाफांसाठीच्या काडतुसांचा मास्क, हातमोजे आणि उघडी हवा हवीच. कापडी मास्क इथे कामाचा नाही. आणि लेकीला त्या दिवशी सिनेमाला पाठवा.

भुईकोट | २२ जानेवारी
लेक १३ वर्षांची आहे आणि हिरवा तिनेच ठरवला होता. आज जेवताना फार गंभीर चर्चा झाली.

सातरस्ता | २३ जानेवारी
माझा मूर्खपणा सांगतो, कुणाला उपयोग झाला तर झाला. घराच्या फाटकाला इनॅमल होता, वरून हौसेने पीयू मारला. अर्ध्या तासात सगळा रंग म्हाताऱ्याच्या गालासारखा. पीयूच्या थिनरने खालचा इनॅमल उचलला. दोन दिवस खरवडत बसलो. जे काय ठरवाल ते पहिल्या अस्तरापासून ठरवा, मधेच घोडे बदलू नका.

जुना_रंगारी | २३ जानेवारी
बरोबर. अस्तर आणि वरचा रंग एकाच घरातले पाहिजेत. आणि मऊ रंगावर कडक रंग कधी मारू नये, खालचा हलतो आणि वरचा तडकतो.

पीयूचं एक सांगा मॅडम, त्याला ओरखडा पडला तर? आमच्या इनॅमलला पोरगंसुद्धा ठिगळ लावतं.

थर_आणि_स्तर | २३ जानेवारी
काका, तिथे तुमचा मुद्दा मान्य. पीयूला ठिगळ लावायचं तर घासा, पुसा, दोन डबे मोजून मिसळा, काही तासांत वापरून संपवा नाहीतर फेका. उन्हाळ्यात तर मिसळलेला डबा त्याहून लवकर घट्ट होतो. चमचाभर रंगासाठी एवढा खटाटोप कुणी करत नाही, आणि मग तो ओरखडा तसाच राहतो.

कडकभाकरी | २४ जानेवारी
इतका वेळ नुसती वाचत होते. कुणीच कापडाचं नाव काढलं नाही, आणि धागा सोलापूरचा!

प्लायचा वरचा पापुद्रा ओंडका फिरवत सोलून काढलेला असतो. उन्हाने तो आखडतो आणि त्यावर केसासारख्या उभ्या भेगा पडतात. रंग कितीही भारी असू दे, लाकूडच फाटलं की रंगही फाटतो. म्हणून वर काहीतरी विणलेलं हवं, भेग तिथेच अडते. काच-कापड त्यासाठीच असतं. पण त्याच्याही आधी लोक साधं सुती जाड कापड वापरायचे. जुन्या लाकडी रेल्वे डब्यांच्या छतावर कॅनव्हास ताणून वरून सफेद्याचे हात मारलेले असायचे.

परदेशातले घरगुती ट्रेलरवाले अजूनही करतात. लाकूड चिकटवायचा, पाण्याने न सुटणारा डिंक रोलरने पसरायचा, त्यावर सुती कापड, हाताने सुरकुत्या काढायच्या, वरून परत डिंक. वाळलं की भिंतीचा बाहेरचा ॲक्रिलिक रंग, पहिला हात पातळ करून म्हणजे विणीत मुरेल, मग तीन-चार हात. गरिबाचं फायबर म्हणतात त्याला. वास नाही, विष नाही, लेक सगळ्यात हात घालू शकते. मी दहा वर्षांपूर्वी कुत्र्याच्या घराला असं केलं होतं. कुत्रा राहिला नाही, घर अजून आहे.

मालवणी_तांडेल | २४ जानेवारी
छताला चालेल, पण पाण्यात बुडणाऱ्या वस्तूला मी कधीच सुचवणार नाही. डिंक कायम ओला राहिला की मऊ पडतो. ट्रेलर पाण्यात उभा राहणार नाही हे खरं. खालच्या बाजूला मात्र हे नको, तिथे चाकांचा चिखल उडतो. तळाला डांबरी रंग मारा, दोन हात, आणि तो फक्त तळालाच. डांबरावर दुसरा कुठलाही रंग मारला की तपकिरी डाग वर येतात.

पूर्वभाग | २५ जानेवारी
आमच्या घरात तीन पिढ्या माग. मांजरपाट घ्या, कोरा, न धुतलेला. त्याच्यात खळ असते, ती काढल्याशिवाय डिंक आत शिरणार नाही, वरच्या वर तरंगेल. गरम पाण्यात भिजवा, चोळा, दोनदा खळबळा. पाण्याचा थेंब टाकला की लगेच शोषला पाहिजे, तेव्हा खळ गेली समजा.

कडकभाकरी | २५ जानेवारी
पण धुतलं की आटतं ना? काही जण मुद्दाम न धुता लावतात, म्हणजे डिंकाच्या ओलीने आटून घट्ट बसतं.

पूर्वभाग | २५ जानेवारी
आटून घट्ट बसेल की कोपऱ्यातून उचलेल, हे नशिबावर. ताणा आणि बाणा सारखे आटत नाहीत ताई. लांबीला जास्त आटतं. आधीच आटवून घ्या, मग निवांत लावा.

भुईकोट | २ फेब्रुवारी
मंडळी, वाद मिटत नाही म्हणून मी फळ्या बनवल्यात. उरलेल्या प्लायचे दीड फुटी पाच तुकडे, सगळ्यांच्या कडा तांडेल म्हणतात तशा इपॉक्सीने बंद. एकाला काकांचा इनॅमल. दुसऱ्याला नुसता ॲक्रिलिक. तिसऱ्याला मांजरपाट, डिंक आणि ॲक्रिलिक. चौथ्याला काच-कापड, इपॉक्सी आणि पांढरा पीयू. पाचवा तसाच चौथ्यासारखा, पण गडद हिरवा, कारण लेकीला पुरावा हवाय. गच्चीवर दक्षिणेकडे तोंड करून ठेवल्यात. प्रत्येकात एक स्क्रू मुद्दाम तसाच ठोकलाय, भोक न भरता.

शेजारचे काका विचारतात, “काय करलालास बे वर? पापड वाळवलालास का?”

तोवर ट्रेलर शेडमध्येच. यंदाचा उन्हाळा फळ्यांचा.

थर_आणि_स्तर | २ फेब्रुवारी
हेच पाहिजे! चौथ्या-पाचव्याला पीयूआधी इपॉक्सी पाण्याने आणि खरखरीत चोथ्याने धुतलंत ना? वाळताना त्यावर मेणचट साय येते, ती राहिली तर वरचा रंग सालीसारखा निघतो. घासून ती जात नाही, पेपरवर पसरते फक्त. आधी पाणी, मग पेपर.

भुईकोट | ३ फेब्रुवारी
नव्हतं धुतलं. आज परत केलं. 🙏

भुईकोट | १६ मे
दुपारी दोनचं वाचन. कारखान्यातून लांबून तापमान मोजायची बंदूक आणली. हवा ४२. पांढरी पीयू फळी ५२, मांजरपाटाची पांढरी ५३, गडद हिरवी ७१. हिरवीच्या एका कोपऱ्यात कापडाची वीण दिसायला लागली, तिरकं बघितलं की स्पष्ट. लेकीने स्वतः बंदूक धरली आणि काही न बोलता खाली गेली. संध्याकाळी म्हणाली, दरवाजा तरी हिरवा.

इनॅमल अजून चकाचक आहे काका.

जुना_रंगारी | १६ मे
पहिल्या वर्षी असणारच. मी खोटं कशाला बोलू, पुढच्या मेमध्ये बघा.

भुईकोट | ९ ऑक्टोबर
सप्टेंबरचा पाऊस दणकून झाला, फळ्या तशाच उघड्यावर होत्या. काल सगळ्या खाली आणल्या.

नुसता ॲक्रिलिक: प्लायला उभ्या बारीक भेगा, पंधरा-वीस तरी, रंगासकट. इनॅमल: चमक थोडी कमी, भेगा चार-पाच, पण लांब, आणि एकीतून पाणी शिरून काळी रेघ उमटली आहे. मांजरपाट: भेग एकही नाही, मळकट मात्र झालंय, धूळ धरतं. पांढरा पीयू: काल आणल्यासारखा. हिरवा पीयू: चमक शाबूत, वीण उमटलेली.

आणि स्क्रू! पाचही फळ्यांवर, पीयूवरसुद्धा, न भरलेल्या भोकाभोवती रुपयाएवढं फुगलंय. तांडेल, तुमचे पाय कुठे आहेत?

माझा निर्णय: छत आणि बाजू मांजरपाटावर ॲक्रिलिक, पांढरा. पीयू नक्की जास्त टिकाऊ आहे, ते डोळ्यांनी बघितलं. पण ओरखडे पडणारच, आणि ते मी मास्क घालून मोजमाप करत बसणार नाही, हे मला माझ्याबद्दल माहीत आहे. चौकट, दरवाजाच्या कडा आणि ओट्याचं झाकण इथे मात्र पीयू.

कडकभाकरी | ९ ऑक्टोबर
कडांना पीयू हे उत्तम केलंत. ॲक्रिलिक वाळल्यावरही उन्हात किंचित चिकट राहतो, दरवाजा रबराला धरून बसतो आणि उघडताना पापुद्रा निघतो. म्हणूनच ट्रेलरवर ताडपत्री घट्ट बांधू नका. ती वाऱ्याने घासते, खाली दमट राहतं, आणि मेमध्ये चिकटून बसते.

मालवणी_तांडेल | १० ऑक्टोबर
पाय समुद्रात आहेत. सांध्यांना सिलिकॉन वापरू नका हे सांगायचं राहिलं. त्यावर कुठलाच रंग बसत नाही, आणि हाताला लागून इकडेतिकडे पसरलं तर तिथेही माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात. पीयू सीलंट घ्या, त्यावर रंग चढतो. छताच्या कडेला ॲल्युमिनियमची पट्टी बसवाल तेव्हा तिच्याखाली ब्युटिल टेप (चिकट रबरी पट्टी).

जुना_रंगारी | १० ऑक्टोबर
आता लगेच सुरू करू नका. पाऊस जाऊन लाकूड सुकू द्या, दिवाळीनंतर हात लावा. सकाळी आठ ते अकरा काम, ऊन चढलं की ब्रश धुवून ठेवा. तापल्या लाकडावर मारलेला रंग वरून वाळतो, आत कच्चा राहतो, मग फोड येतात. मी रविवारी मोकळा असतो, पत्ता व्यक्तिगत निरोपातून कळवा. इनॅमल नाही म्हणून रुसलो नाही.

भुईकोट | २ फेब्रुवारी
झालं! काका चार रविवार आले. डिंक लावताना वारा सुटला आणि तो कापड टाकायच्या आतच वाळायला लागला, तेव्हा लेक फवारणीची बाटली घेऊन पाण्याचा शिडकावा देत राहिली. बाहेरचं क्षेत्र सव्वाशे चौरस फुटांच्या आसपास, पहिल्या पातळ हाताला दीड लिटर गेला, कापड पितं, पुढच्या हातांना लिटरभर. एकूण पाच हात. वीण थोडी दिसते, सोलापुरी चादरीसारखी, आणि ती मला आवडते. दरवाजा पोपटी. गडद नाही, पण हिरवा आहे. मागे लाल, बाजूला पिवळ्या परावर्तक पट्ट्या लावल्या. ॲक्रिलिकवर त्या दुसऱ्या दिवशी सुटल्या, म्हणून तेवढ्या जागी ॲल्युमिनियमच्या पट्टीवर चिकटवल्या.

पहिली फेरी नळदुर्ग. रात्री किल्ल्याकडून गार वारा, आत ऊब. परतताना पुढच्या डंपरमधून खडी उडाली, नाकाडावर तीन टवके. घरी आल्यावर उरलेल्या डब्यातला रंग बारीक ब्रशने लावला, पाच मिनिटं. आता शोधूनही सापडत नाहीत.

शेंगाचटणी | २ फेब्रुवारी
फोटो टाका. आणि आरटीओचा धागा कुठे आहे?

वडाळेकर | ३ फेब्रुवारी
अख्खा धागा एका बैठकीत वाचला, वाचनखूण साठवली. मलाही करायचंय. मांजरपाट कुठून घेतलं, पन्हा किती, आणि छताला जोड द्यावा लागला का?

भुईकोट | ३ फेब्रुवारी
चाटी गल्लीतून. ६० इंची पन्हा मागा, छत ४८ इंच रुंद असतं, दोन्हीकडे वळवून बाजूवर चार-पाच इंच उतरतं, जोड लागत नाही. छताच्या लांबीपेक्षा निदान दोन फूट जास्त घ्या आणि कापायच्या आधी धुवा. मी कापून धुतलं होतं, पहिला तुकडा मागच्या झाकणापाशी चार इंच कमी पडला. त्याची आता ओट्यावर पुसणी झाली आहेत.